पन्नास प्रती

हेलसिंकीहून पत्र आलं. जाड कागद, बारीक टाईप.
विषय : पियानोसाठी केलेलं रूपांतर.
नव्वद युरो. पन्नास प्रती. मुदत एक वर्ष.
प्रत्येक पानाच्या तळाशी 'परवानगीने' असं छापायचं,
आणि रूपांतराचे हक्क, म्हणजे मी जे केलं त्याचेच,
मूळ हक्कधारकाकडे.
बाळंतपण माझं, बारसं त्यांचं.
गाडीतच सही केली. पेनातली शाई गोठली होती,
दोनदा झटकावं लागलं.

गाणं आमच्या केमीतल्याच चार पोरांचं, सत्त्याऐंशी सालचं.
गळा असा, जसं करपलेलं पातेलं कुणी चमच्यानं खरवडतंय.
शब्दही फार नाहीत.
नदी गोठली, तू गेलीस.
नदी सुटली, तू आली नाहीस.
बाकी सगळी गिटार.

अकरा रात्री कॅसेट मागे-पुढे करत बसले.
बाकीचं हाताला आलं,
तिसऱ्या ओळीत मात्र अडले.
तिथे तो तार ओढतो
आणि सूर दोन पट्ट्यांच्या मधे नेऊन
तसाच लोंबकळत ठेवतो.
पियानोला मधे काही नसतं.
एक पट्टी संपली की दुसरी, फट फक्त धुळीपुरती.
शेवटी दोन्ही एकदम दाबल्या, शेजारच्या शेजारी.
घासल्या एकमेकींवर, एका ओट्यावरच्या जावांसारख्या.
मग तसंच लिहिलं, पेन्सिलनं.

एक प्रत वेन्लाला दिली, परीक्षेनंतरचं बक्षीस म्हणून.
वेन्लानं मामेभावाला दिली, त्यानं कुणाला ते तो सांगत नाही.
झेरॉक्सची झेरॉक्स होत
पूल ओलांडून स्वीडनात गेली.
माझ्या कपाचा गोल डागही
इमानेइतबारे प्रत्येक पानावर छापला गेला.
तिकडच्या चर्चमधल्या ऑर्गनवाल्यानं फोन केला :
"बाई, फार छान आहे. पण हे कुणाचं?"
मी तोंड उघडलं
आणि उत्तर आलंच नाही.
म्हणून ते हेलसिंकी. म्हणून ते नव्वद युरो.

तरी मन राहीना. ज्याची बोटं, त्याला विचारावं म्हटलं.
ताउनो क्युल्योनेन आता टायर बदलतो,
हिवाळ्याचे काढून उन्हाळ्याचे, उन्हाळ्याचे काढून हिवाळ्याचे.
"माझं नाही ते," तो नट आवळता आवळता म्हणाला.
"एक्क्याण्णवला विकलं. व्हॅनचा गिअरबॉक्स गेला होता."
एवढं बोलून गप्प.
मग हात पुसले, आणि माझ्यामागून शाळेत आला.
बूट दाराशी काढले. मोज्याला भोक होतं.

मी वाजवलं.
तिसऱ्या ओळीशी त्यानं हात वर केला.
"थांबा. हे असं नव्हतं.
ती तार उतरली होती, थंडीनं. स्टुडिओत हीटर नव्हता.
मी ओढून ओढून सुरात आणायला बघत होतो, जमलं नाही.
दुसऱ्यांदा वाजवायला पैसे नव्हते."
मग बराच वेळानं :
"तुम्ही माझी चूक लिहून काढलीत."

खोडू का, विचारलं. मान हलवली त्यानं,
होय की नाही ते मला कळलं नाही,
आणि बूट घालून तो निघून गेला.

घरी येऊन करार पुन्हा वाचला, चष्मा लावून.
चाल त्यात आहे, शब्द आहेत,
'ज्ञात आणि भविष्यात उद्भवणारी सर्व माध्यमं' आहेत.
उतरलेली तार कुठेच नाही.

पन्नास प्रती वाटल्या, मोजून, वहीत नोंदवून.
एक्कावन्नावा आला तो एलियास, नऊ वर्षांचा, शेंबडा,
आणि त्याला तेच हवं, दुसरं काही नको.
कपाटाला किल्ली लावली मी.
म्हटलं, कागद नाही रे तुझ्यापुरता.
बस इथे बाकावर. कान दे.

आज तिसऱ्या ओळीवर आलाय.
दोन पट्ट्या एकदम दाबतो
आणि दचकून माझ्याकडे बघतो, चुकलं का म्हणून.